सहा वर्षं उशिरा

जर्मनीत राहून मी वेळेची भलतीच पक्की झाले आहे. दाताच्या डॉक्टरकडे पोचायला पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करून माफी मागते. यंदा डिसेंबरात इंदूरला गेले तेव्हा मात्र मला अशा एका घरी जायचं होतं, जिथे पोचायला मला सहा वर्षं उशीर झाला होता.

घर छत्रीबागेतलं, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. माझी आई नोकरीसाठी पहाटेच बाहेर पडायची, त्यामुळे माझ्या वेण्या मैत्रिणीच्या आईच्या वाट्याला आल्या होत्या. त्या काकू आधी तिला पुढ्यात घ्यायच्या, मग मला. केस इतके ताणून बांधायच्या की मधल्या सुट्टीपर्यंत धड डोळेही मिटता यायचे नाहीत. कुरकुर केली की टाळूवर फणीच बसायची. आईने मला वाढवलं हे खरंच, पण शाळेत धाडलं ते काकूंनी.

सहा वर्षांपूर्वी त्या काकू गेल्या. मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली फोन धरून दोन ओळी इंग्रजीत टाइप केल्या. ऑफिसात कुणाच्या घरचं कुणी गेलं की आम्ही पाठवतो त्याच ओळी. त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. संध्याकाळी निवांत फोन करू म्हटलं, आणि संध्याकाळी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही केला याचं काय सांगणार? तेरावा झाला, मग वर्षश्राद्धही झालं असणार. जितका उशीर होत गेला तितका फोन जड होत गेला. तिनेही पुन्हा काही लिहिलं नाही. त्यानंतर इंदूरच्या दोन खेपा झाल्या आणि दोन्ही वेळा मी छत्रीबागेचा रस्ता टाळून बाजारात गेले. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. तिने दार उघडून 'कोण पाहिजे?' असं विचारलं असतं, तर मला तिथून हलता आलं नसतं.

या वेळी ठरवलंच. ठरवलं खरं, पण जायचं कसं, ते कळेना. कुणी गेल्यावर भेटायला जाण्याचे नियम मला आईने लहानपणीच शिकवले होते. साधी साडी नेसायची, हातात काही न्यायचं नाही, तिथे काही खायचं-प्यायचं नाही आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. नियम तेराव्याच्या आतले होते. सहा वर्षांनंतरचे तिने सांगितले नव्हते. अन्नपूर्णा भागात भावाकडे उतरले होते, तर वहिनीला विचारलं.

"ताई, इतक्या लेट भेटायला जातात का, मला तर काही पता नाही," ती म्हणाली. "तुम्ही सीधे मिठाईचा डबा घेऊन जा ना."

मिठाई मला पटेना. काकूंच्या घरी मी त्यांच्यामागे पहिल्यांदा जाणार, आणि हातात काजूकतली? मी हट्टी आहेच, त्यात परदेशात राहून रीतीभातींच्या बाबतीत जरा जास्तच सोवळी झाले आहे. वहिनीची पांढरी सुती साडी मागून नेसले, टिकली अगदी बारीक लावली, आणि रविवारी चार वाजता रिकाम्या हाताने रिक्षात बसले. जिना चढून बेल दाबली.

दार तिनेच उघडलं. केस पिकलेले, चष्मा डोक्यावर, हाताला पीठ की हळद काहीतरी. तिने माझा चेहरा पाहिला, मग साडी पाहिली, रिकामे हात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं, काय झालं? कोण गेलं? घरी सब ठीक आहे ना? तुझा भाऊ?"

मी म्हटलं, "सगळे ठीक आहेत. काकूंसाठी भेटायला आले."

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत ये. चप्पल आतच काढ, कुत्रा नेतो."

हॉलमध्ये काकूंचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मी समोर हात जोडून उभी राहिले आणि रडू येईल अशी वाट पाहिली, पण आलं नाही. सतरंजी कुठेच दिसत नव्हती, म्हणून सरळ जमिनीवर बसले, भेटायला गेल्यावर बसतात तशी. ती सोफ्याच्या कडेला बसली होती. मला तिथे बघून तीही उतरून खाली बसली.

आता बोलायलाच हवं होतं. "मी फोन करायला पाहिजे होता," मी म्हटलं.

"हो, करायला पाहिजे होता. तुझा तो मेसेज आला ना, तसाच सेम टू सेम मी शिकवते त्या शाळेच्या प्रिन्सिपलनी पण पाठवला होता. मी दोन्ही एकाखाली एक वाचले."

माझ्यावर कुणी चिडलं की मी लगेच उलटून बोलते, पण त्या दिवशी 'हो, खरंय' एवढंच म्हटलं.

"काकूंनी माझी आठवण..." मी कसंबसं विचारलं.

"नाही काढली," ती म्हणाली. "खोटं नाही सांगणार. शेवटी शेवटी तिला माझंही नाव आठवत नव्हतं. तिच्यासाठी येऊन तू काय करणार होतीस? मला पाहिजे होती तू. मीच तर होते ना इकडे, अकेली."

तेव्हा मला रडू आलं. ते काकूंसाठी नव्हतं. सहा वर्षं मी फोटोतल्या बाईची गुन्हेगार म्हणून हिंडत होते, आणि जिचा खरा अपराध केला होता ती जिवंत होती, चार वाजता घरात पीठ-हळदीच्या हाताने वावरत होती. तिची माफी मागता येत होती. मी ती मागितली, दोनदा. ती म्हणाली, "बस हो गया, रागावले होते मी. अजून पण आहे थोडी."

'थोडी' ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी पदरानेच नाक पुसलं.

मग ती उठून आत गेली आणि बशी घेऊन आली. गराडू होते, आमच्याकडे थंडीत निघणारा कंद, खरपूस तळलेला, वर जिरावनचा मसाला आणि लिंबू. मी येण्याआधी तेच चाललं होतं तिचं. मी हात आखडला.

"नको, भेटायला आल्यावर खात नाहीत."

"सुतक संपून सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "खा चुपचाप."

खाल्ले. दुसऱ्यांदा घेतले. आमच्या वर्गातल्या कुणाकुणाचं काय चाललंय ते तिने सांगितलं, तिच्या मुलीचं लग्न झाल्याचं सांगितलं. ते लग्न मी कसं चुकवलं यावरून पुन्हा पाच मिनिटं बोलणी खाल्ली. ती बोलणी मला गोड लागली.

सहा वाजता अंधारून यायला लागलं, ती बशी ठेवायला आत गेली तशी मी उठले. काकूंच्या फोटोकडे पाहिलं आणि डोक्यात पुन्हा आई शिरली. न खाण्याचा नियम मोडला होता, 'येते' न म्हणण्याचा तरी पाळावा म्हणून काही न बोलता चप्पल घातली आणि जिना उतरले. गल्लीत पाच-सात पावलं गेले असेन, तर वरून गॅलरीतून हाक आली.

"ए, न बोलता कुठे निघालीस?"

मी मान वर केली. ती कठड्यावर दोन्ही हात टेकून उभी होती. चष्मा अजून डोक्यावरच होता.

"भेटायला आले होते ना," मी खालून म्हटलं, "म्हणून म्हटलं नाही."

"आईला भेटून झालं तुझं," ती म्हणाली. "आता मला म्हण."

समोरच्या किराणावाल्याने मान वर केली. मला काही वाटलं नाही.

"येते," मी म्हटलं.

"उद्याच ये. आणि ही पांढरी साडी नेसून येऊ नकोस."