ठरलेलं उघडणारे मामा

ठरलेली गोष्ट ठरलेली राहूच शकत नाही, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो माझ्या आईचा चुलतभाऊ निघाला. मामा वीज खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर ते सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात एकटेच राहू लागले. मामी गेलेल्या, मुलगी सासरी गुजरातेत. गावातली निम्मी माणसं नोकरीपायी वाशिंद, कल्याणला पांगली, म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप काढला. ॲडमिन मी. मामांना त्यात घेतलं, आणि त्या दिवसापासून ग्रुपवरचा एकही विषय संपला नाही.

ग्रुपला सिद्धगडाचा फोटो लावायचं ठरलं. सगळ्यांचे अंगठे आले. तिसऱ्या दिवशी मामांचा मेसेज: ‘फोटोचा विषय पुन्हा घेत आहे. हा डोंगर आपला नाही.’ आठवडाभर वाद झाला आणि शेवटी निघालं, की डोंगर खरंच आपला नव्हता, कोणीतरी इंटरनेटवरून भलताच उचलला होता. गावच्या मेळाव्याची तारीख ठरली, तर ‘त्या दिवशी खळ्यावर भात झोडायला घेतील, मेळाव्याला काय खुर्च्या येतील?’ म्हणून ती बदलायला लावली. इथवर ठीक होतं. पण मेळाव्याला पोहे ठेवावेत ही सूचना त्यांचीच, ती एकमताने मान्य झाल्यावर चार दिवसांनी त्यांनीच लिहिलं, ‘मी माझ्या मताशी सहमत नाही.’ मग पोहे की उपमा यावर इतके मेसेज पडले, की माझ्या बायकोने माझा फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

शेवटी मी नियम मांडला: एकदा ठरलेला विषय सहा महिने उघडायचा नाही. पहिला अंगठा मामांचा आला. वर लिहिलं, ‘उत्तम नियम. आधीच करायला हवा होता.’

त्यानंतर महिनाभरात मीच आणखी एक ठराव केला. ग्रुपवरची कुठलीशी गोष्ट बाहेर गेली होती आणि संशय गप्प बसून वाचणाऱ्यांवर होता. म्हणून ज्यांनी वर्षभरात एक अक्षरही लिहिलं नाही, त्यांना काढायचं ठरलं. सगळ्यांनी होकार दिला, मामांनीही. मी अकरा नंबर काढले. नावं नीट वाचलीसुद्धा नाहीत.

आठवड्याने, रविवारी दुपारी, मामा वाशिंदला माझ्या दारात. मुरबाडहून शहापूरची एसटी, तिथून दुसरी गाडी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

“मामा, फोन करायचा ना!”

“ठरलेला विषय फोनवर उघडला तं नियम मोडतो का नाय, ते म्हाईत नव्हतं. घरी येऊन बोलायला काय नियम नाय.”

पाणी प्यायले आणि म्हणाले, “वाडीच्या टोकाची काकी तू काढलीस.”

मला ती आठवायलाच वेळ लागला. सत्तरीच्या पुढची, एकटी. तिला लिहिता येत नाही. पण ग्रुपवर कोणी बोलून पाठवलं की ती ते कानाला लावून ऐकायची, पुन्हा पुन्हा.

“मला बोलली, ‘फोन बिगाडला का रे माजा? चार दिस कोन बोलतच नाय.’ मी बघितलं तं ती ग्रुपात नाय. तिला सांगितलं. तं बोलते, ‘मी काय केलं?’” मामांनी पेला खाली ठेवला. “काय सांगू तिला?”

मी म्हणालो, “तिच्यासाठी उघडलं तर उद्या सगळेच सगळं उघडतील. थोडे महिने थांबू.”

“आपल्याला काय नवीन कळलं तं विषय उघडावा. आणि ज्याचं ठरवलं त्यालाच विचारलं नसंल, तरी उघडावा. एवढंच माझं मत.”

“मग पोहे-उपमा काय होतं?”

मामा हसले नाहीत. खिडकीबाहेर नव्या इमारतींकडे पाहत म्हणाले, “ते मत नव्हतं रे. एकदा ठरलं का तुमी सगळी गप होता. मंग दोन-दोन दिस फोन वाजत नाय.”

मी ‘बघतो’ म्हणालो. मामा चहा घेऊन परत गेले. मी मात्र काही बघितलं नाही. नियमाला चिकटून राहिलो.

सहा महिने भरले त्या दिवशी मामांच्या मेसेजची वाट पाहिली. आला नाही. मग मीच विषय उघडला, चूक माझी होती हेही लिहिलं. अर्ध्या तासात सगळ्यांचे होकार आले, मी अकराही नंबर परत घेतले. मामांचा नुसता अंगठा. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर एकही विषय पुन्हा काढला नाही. आमचे निर्णय आता झटपट होतात आणि टिकतात.

मागच्या रविवारी गावी गेलो. मामांच्या घराला कडी. शेजारणीने वाडीकडे बोट दाखवलं. “ते काय, रोज तितंच. काकीला ग्रुपातनं काढली तवापासून फोन घेऊन जात्यात तिला ऐकवाया.”

काकीच्या ओटीवर दोघं बसले होते. तिचा फोन आत चार्जिंगला लावलेला, आणि ती मामांच्या फोनवर कुणाचं तरी बोलणं ऐकत होती. संपल्यावर मामा तावातावाने म्हणाले, “हे चुकीचं हाय! असं ठरवून कसं चालंल?”

“मंग तसं लिव ना,” काकी म्हणाली.

“नाय गो. तुला सांगितलं ना. झालं.”

तिने बोटाने तेच बोलणं पुन्हा लावलं, आणि मामा पुन्हा पहिल्यापासून चिडले. मी अंगणात उभा होतो. त्यांना हाक मारावी असं वाटलं, पण घाई केली नाही.