ज्याला लागला त्याला विचारायचं

आमच्या घरात अकरा शाली आहेत आणि त्यातली एकही थंडीसाठी विकत घेतलेली नाही. एकीनं कूलर झाकलाय, एक शिलाई मशीनवर आहे, दोन तांदळाच्या कोठीवर. उरलेल्या शाली बायको इतरांच्या सत्काराला पुढे सरकवते. दरवर्षी क्रीडा दिन आला की कुणीतरी मला बोलावतं, नारळ देतं, शाल घालतं आणि मी कबड्डीचा राज्यस्तरीय खेळाडू आहे असं माइकवर सांगतं. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

खरं काय ते लिहितो. राज्य स्पर्धेत मी एकही चढाई केली नाही. चार दिवस मी बाटल्या भरल्या, ओले टॉवेल पिळले आणि एकदा कर्णधाराचा हरवलेला बूट शोधून दिला. आमचा जिल्हा तिसरा आला. प्रमाणपत्रावर कोण खेळलं आणि कोणी बाटल्या भरल्या याचा रकाना नसतो. त्या कागदावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली. तेव्हापासून मी आवक-जावकच्या टेबलावर आहे. आलेला कागद नोंदवतो, गेलेला कागद नोंदवतो. मधल्या काळात कागदाचं काय होतं ते मला विचारू नका. कार्यालयात मला सगळे ‘खेळाडू’ म्हणतात. कपाट सरकवायचं असलं की हे नाव जास्त ऐकू येतं.

मागच्या क्रीडा दिनी सानगडीजवळच्या एका शाळेनं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, खेळ संपल्यावर खेळाडूनं काय करावं. अशा विषयाला माझ्याइतका नालायक वक्ता जिल्ह्यात सापडला नसता, पण शाळेला ते माहीत नव्हतं. मी पाऊण तास बोललो. जिद्द, चिकाटी, शिस्त, तिन्ही शब्द बहुधा सात-सात वेळा आले. शेवटी गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, खेळ सुटल्यावर तुम्ही काय केलं?”

मी म्हणालो, देशसेवा.

ती “थँक्यू सर” म्हणून खाली बसली. मला मात्र आवक-जावकचं रजिस्टर डोळ्यांपुढे दिसत होतं. खेळ सुटल्यावर मी एकच काम नेटानं केलं होतं, ते म्हणजे एका खोट्या स्पर्शाबद्दल मनातल्या मनात कुढणं. त्याची गोष्ट आता सांगतो.

सव्वीस वर्षांपूर्वी, धान कापणी उरकल्यावर, साकोलीकडच्या एका गावात कबड्डीचे सामने होते. आमचा संघ उपांत्य फेरीत सानगडीकडच्या संघाशी खेळत होता. जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, आणि जिल्ह्याचा संघ निवडणारी मंडळी फक्त अंतिम सामना पाहायला येणार होती. गुण बरोबरीत, बरोबरी राहिली तर पहिला गुण घेतला म्हणून ते जिंकणार, शेवटची चढाई, आणि चढाईला मी. त्यांच्या कोपऱ्यात एक किडकिडीत पोरगा उभा होता. तो त्यांचा सगळ्यात चांगला पकड करणारा. मी हात लांबवला, तो मागे सरला, माझ्या बोटांना फक्त वारा लागला. मी परत फिरलो आणि पळता पळताच त्याच्याकडे बोट दाखवून ओरडलो की लागला.

पंच म्हणून शाळेचे एक मास्तर होते. त्यांना दिसलं नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी एक रीत होती. भांडण वाढलं की पंच शिवणाऱ्याला विचारत नसे, ज्याला लागला म्हणतात त्याला विचारायचा, आणि तो सांगेल ते शेवटचं. या प्रश्नावर खोटं बोलणाऱ्याला गावोगाव कुणी खेळायला घेत नसे. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्या पोराला विचारलं, “लागला का?” त्याचा अख्खा संघ नाही नाही म्हणत होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हात वर केला आणि मैदानाबाहेर निघून गेला.

आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना सपाटून हरलो, पण निवडणाऱ्यांना माझी उंची आवडली. पुढचं सांगून झालं आहे.

माझ्या लेखी त्या पोरानं स्वतःच्या अंगापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता. पुढे कळलं की तो सानगडीत जळालेल्या मोटरी भरतो, म्हणजे त्यांची आतली तार नव्यानं गुंडाळून देतो. झालं, माझ्या दुःखाला चेहरा मिळाला. माझ्यामुळे एक खेळाडू आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळत बसला, असं मी स्वतःला सांगायचो आणि मग फार बरं वाटायचं. बायकोला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सांगत आलो. शाळेतून परत आल्यावर पुन्हा सुरू केलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अजी, मले कायले सांगता घडीघडी? त्यालेच जाऊन सांगा ना एकदाचं.”

तर मी निघालो, निघायला उन्हाळा उजाडला एवढंच. रिकाम्या हातानं क्षमा मागायला जाणं जमेना, म्हणून घरची पाण्याची छोटी मोटर पिशवीत घातली. ती चार दिवस नुसती गुंगुं करत होती. एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, पोराचं अर्धं तिकीट काढू का. गाडीतले लोक हसले. मी हसलो नाही. पश्चात्तापाला निघालेल्या माणसानं हसू नये अशी माझी समजूत होती.

दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. पत्र्याखाली वार्निशचा वास आणि बाहेर ओळीनं मोटरी. उन्हाळी धानाचे दिवस, त्यात व्होल्टेज कमी-जास्त, त्यामुळे मोटरी धडाधड जळत होत्या. बाकावर तीन-चार शेतकरी बसले होते. तो सगळ्यांना त्यांच्या मोटरीच्या ताकदीनं हाक मारत होता. “पाच एचपी, तुमची उद्या. तीन एचपी, बसा, तुमचीच खोलतो.” किडकिडीत पोरगा आता चष्मा लावणारा, पोट सुटलेला माणूस झाला होता. तो मला बघताक्षणी ओळखेल आणि त्याचा चेहरा बदलेल, असं मी येताना ठरवून ठेवलं होतं. त्यानं माझी पिशवी पाहिली आणि म्हणाला, “अर्धा एचपी, बसा.”

मी तीन एचपीच्या शेजारी बसलो. पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड म्हातारा. कुठून आलात म्हणून त्यानं विचारलं. भंडाऱ्याहून म्हटल्यावर त्यानं पिशवीकडे आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं.

“काहून जी, भंडाऱ्याचे वाइंडिंगवाले मेले का?”

मी म्हणालो, यांचं नाव ऐकलं होतं. ते ऐकून म्हातारा खुलला. तुम्ही बरोबर जागी आलात, म्हणाला. दुसरीकडे न जळालेली मोटरही जळाली म्हणून भरून देतात, हा माणूस तसं करत नाही. आणि मग त्यानं त्याचं कारण सांगितलं. हा लहानपणी आमच्या गावच्या संघात कबड्डी खेळायचा, तो संघ मीच चालवायचो. याच्या एका शब्दावर सामना जिंकत होतो, पण मास्तरांनी विचारल्यावर यानं खरं सांगितलं आणि हात वर केला. वर्षभर गावानं याला शिव्या घातल्या, मीच सगळ्यात जास्त घातल्या. पण जसजशी वर्षं गेली तसं पटलं की जो स्वतःच्या गावाविरुद्ध खरं बोलतो तो मोटरीबद्दल काय खोटं बोलेल. आता पाच गावच्या मोटरी इथे येतात.

इथे कोणीही शहाणा माणूस पिशवी उचलून उठला असता. मला उलट भरून आलं. वाटलं, याच्या मोठेपणाला मी आज शेवटचं टोक देणार. हा खरा आणि मी चोर, हे पाच गावांपुढे सिद्ध होणार. माझ्या कबुलीजबाबाला श्रोते मिळाले होते, आणि मी सत्कारांना सरावलेला माणूस.

मी उठून त्याच्यापुढे उभा राहिलो आणि बोलायला तोंड उघडलं. त्यानं हात दाखवून थांबवलं. तो हातयंत्रावर तार गुंडाळत होता आणि ओठांत वेढे मोजत होता. मोजणी चुकली तर सगळं उकलावं लागतं. त्यामुळे माझा सव्वीस वर्षांचा पश्चात्ताप त्र्याण्णवाव्या वेढ्यापासून एकशे वीसपर्यंत ताटकळत उभा राहिला. मग त्यानं तार तोडली आणि म्हणाला, “हं, बोला.”

मी त्याला सामन्याची आठवण करून दिली. कोणता, म्हणून त्यानं विचारलं. साकोलीकडचा, शेवटच्या चढाईचा. त्यानं चष्मा काढला आणि मला पहिल्यांदा माणूस म्हणून पाहिलं. मी पाठ केलेलं सगळं बोललो, तो वारा, ते खोटं बोट, ती नोकरी, त्या शाली. आवाज मी हळू ठेवला नव्हता. शेवटी म्हणालो, “मी तुले शिवलोच नव्हतो. माफ कर.”

 त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे बाकाकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला समजलं की मी काय करून बसलो आहे.

म्हातारा उठून जवळ आला. “लागलाच नव्हता?”

त्यानं तोडलेल्या तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“तुले विचारून राहिलो गा. लागला का?”

तोच प्रश्न, तसाच अडलेला सामना. सुटायला वाट होती. मला वाटलं लागला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि मी मनात त्याची विनवणी करत होतो की तेवढं म्हण. त्यानं हात फडक्याला पुसले.

“नाही लागला, मामा. हातभर दूर होता हा.”

“मंग हात कायले वर केला?”

“साडेपाचची गाडी होती.”

म्हाताऱ्याला कळलं नाही. मग मोटरवाल्यानं सगळं सांगितलं. ती त्याच संध्याकाळची भंडाऱ्याची गाडी होती. भंडाऱ्याच्या एका उस्तादानं त्याला मोटर भरायचं काम शिकवायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाही आलास तर दुसरा पोरगा धरतो, असं बजावलं होतं. सामना जिंकला असता तर त्याच सकाळी अंतिम सामना. गावाच्या इज्जतीपुढे मोटर भरण्याची गोष्ट काढायची सोय नव्हती. त्याला खेळून काही व्हायचं नव्हतं, तार भरायला शिकायचं होतं. इतक्यात मी बोट दाखवून ओरडलो. “हा ओरडला अन् मले रस्ता दिसला,” तो म्हणाला. “तुमाले सांगतलं असतं तर सोडलं असतं का मले?”

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. “नसतं सोडलं,” म्हणाला.

म्हणजे मी याचं काही हिरावलं नव्हतं. त्याला जे टाकून द्यायचं होतं ते मी उचललं होतं आणि चोरलं म्हणून सव्वीस वर्षं कुरवाळलं होतं. मला रागच आला. तू पण खोटं बोललास की, असं मी म्हणालोही. आधी कोण बोललं, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. 

म्हातारा मात्र अजून उभाच होता. टेबलावर त्याची मोटर खोलून ठेवली होती. त्यानं तिच्याकडे बोट केलं आणि विचारलं, “हे खरंच जळली हाये का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या दुकानात कुणी विचारला नसावा.  मोटरवाल्यानं बल्ब लावलेल्या तपासणीच्या दोन वायरी काढल्या आणि म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. “तुमीच पाहा, मामा. एक वायर तारेले लावा, दुसरी बॉडीले. बल्ब पेटला तर जळली.” म्हाताऱ्यानं चष्मा चढवला आणि वायरी टेकवल्या. बल्ब पेटला. त्यानं जागा बदलून पुन्हा टेकवल्या. पुन्हा पेटला. बाकावरचे दोघं मान लांब करून बघत होते.

म्हाताऱ्यानं वायरी खाली ठेवल्या. “भर बापा,” म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळला.

“सव्वीस वर्षं चूप होते ना तुमी? अजून दहा वर्षं राहिले असते तर मी मेलो असतो. मले हे पाहा लागलं नसतं.”

माझी मोटर त्यानं दोन मिनिटांत तपासली. जळली नव्हती, कॅपॅसिटर गेला होता. नवा बसवून दिला. मी निघताना पाच एचपीवाला म्हणत होता की जरा त्या वायरी इकडे द्या जी. त्यानं दिल्या.

घरी आलो तर बायकोनं दारातच विचारलं, “सांगतलं का? हलकं वाटून राहिलं ना आता?”

मी म्हणालो, हो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मोटर जोडायला सांगून आत गेली.