काकूंच्या वेबपेजचा पत्ता

संगणकाच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या काकूंनी गेल्या आठवड्यात आपलं पहिलं वेबपेज तयार केलं. परसातल्या पेरूच्या झाडाचा फोटो आणि खाली एकच ओळ: यंदा पेरू खूप लागलेत. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता त्यांनी कॅनडातल्या मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

"मंदारनं बघितलंच नाही हो," त्या आज शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाल्या.

काकूंनी पाठवलेला पत्ता मॅडमनी पाहिला आणि त्या हसल्या. "अहो काकू, फाइल याच मशीनमध्ये आहे. तुम्ही घरातल्या कपाटाचा पत्ता कॅनडाला पाठवलात!"

वर्ग हसला. सगळ्यांत जास्त काकू हसल्या. "तरीच! बिचाऱ्याला दिसणार कुठून?"

मग मॅडमनी सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलं. तो दुसरीकडे कुठेतरी सतत चालू असलेला संगणक असतो. कुणी पेज मागितलं की तो देतो, कुणी मागितलं नाही तरी चालूच राहतो. असं चालू राहणारं माणूस बहुतेक घरांत असतं. त्याला कुणी सर्व्हर म्हणत नाही, एवढंच.

काकूंचं पेज सर्व्हरवर चढलं. नवा पत्ता मुलाला गेला.

"आता त्याला कधीही बघता येईल?"

"कधीही, काकू."

काकू खुशीत पेरूंकडे बघत बसल्या. पहिला पत्ता त्यानं एकदा जरी उघडून पाहिला असता, तरी 'आई, उघडत नाही' असं कळवलं असतं.