लाल काड्यांची काच

माझं शिक्षण पाचवीपर्यंत, माहेर कोकणात. यजमान वर्ध्याला कापसाच्या जिनिंगमध्ये होते म्हणून इतक्या लांब आले. मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये काचा धुण्याचं काम मिळालं. काही फुटलं तर काढून टाकतील, ही धाकधूक कायम. पण तिथल्या सरांनी मला कधी अरेतुरे केलं नाही, ‘बाई’ म्हणायचे. ते मी विसरलेले नाही.

पुढे यजमानांना खोकला जडला. सरांनीच शब्द टाकून वॉर्डात खाट मिळवून दिली. टीबी आहे की नाही ते थुंकी तपासल्यावर कळणार होतं.

वॉर्डातून आलेल्या थुंकीवरच मुलांचं प्रॅक्टिकल चालायचं. त्या दुपारी ट्रेमध्ये एक बाटली दिसली. झाकण सैल होतं म्हणून सकाळी यजमानांच्या खाटेशी मीच तिला लुगड्याची चिंधी बांधली होती. मी काचा धूत राहिले.

मुलं काचेवर थुंकी पसरायची, लाल रंग ओतून खालून दिवा धरायची, धुवायची, मग निळा रंग. टीबीचे जंतू तेवढे लाल राहतात, हे ऐकून ऐकून मला पाठ झालेलं. केळझरकडची एक मुलगी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती.

“काहीच नाई दिसून राह्यलं.”

माझा जीव भांड्यात पडला. तिनं काच जराशी सरकवली.

“सर, भेटले. लय आहेत. मावशी, तू बी पाह्य नं.”

“मले काऊन नाई भेटत?” शेजारचा मुलगा म्हणाला. “नशीब सारं तुह्यंच.”

मी पाहिलं. शिवण झाल्यावर फरशीवर लाल दोऱ्याचे तुकडे पडतात ना, तसे.

“छान आलंय,” मी म्हणाले.

दिवाळीआधी यजमान गेले. औषधपाण्यात कॉलेजनं काही कमी केलं नाही, हे सांगायलाच हवं.

चांगली रंगलेली काच काळ्या कागदात गुंडाळून परीक्षेसाठी ठेवायची, ही सरांची रीत. त्या दुपारची ती काच तशी राहिली. दर परीक्षेला मी ती मायक्रोस्कोपला लावायची, तेलाचा थेंब सोडायची, संध्याकाळी पुसून परत कागदात. यजमानांचा फोटो आमच्याकडे नव्हता.

वर्षं गेली तसा लाल रंग उतरत गेला. नवा टेक्निशियन म्हणाला, “मावशी, यात आता काई दिसत नाई. धुऊन टाकजो.”

धुतली. पुसून कोऱ्या काचांच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी मुलं आली, डब्यातून एकेक काच उचलू लागली. मी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. सगळ्या काचा सारख्याच.