दार उघडं असलेलं चर्च

आम्ही वसईचे ख्रिस्ती. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे रियाधला राहत होतो. तिथे चर्चला आणि उघड प्रार्थनेला बंदी होती, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीला घरातच पडदे ओढून, कुजबुजत्या आवाजात प्रार्थना करायचो. आमची मुलगी तिथेच जन्मली. तिला प्रार्थनेची दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

ती दुसरीत असताना आम्ही सुट्टीत रोमला गेलो आणि एका जुन्या चर्चमध्ये मिस्साला बसलो. ऑर्गन सुरू झाला, माणसं मोठ्याने गाऊ लागली. इतक्या वर्षांनी मीही मोकळ्या गळ्याने गायला लागले, तशी लेकीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "मम्मी, धीरे," ती रडवेली होऊन तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "दरवाजा खुला है."

"बाळा, इथे चालतं," नवरा तिला समजावत राहिला. तिला ते पटेना. शेवटी आम्ही तिला घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसलो.

तिथे नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी वसईला जा."

"आणि तू?"

"माझा इकामा आहे तोवर मी राहतो." इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना; तो त्याला नोकरीवर मिळालेला होता.

त्याच वर्षी मी मुलीला घेऊन परत आले. तो मात्र पुढे कितीतरी वर्षं तिकडे एकटाच राहिला.