बर्फाचा बेत

आमच्या सांडोरात उतार नाही. वाड्या सपाट, रस्ते सपाट. उतारावरून जाण्याची हौस असेल तर वसई रोडच्या उड्डाणपुलावर जावं लागतं. तरीही गेल्या नाताळात आमच्या घरी आठवडाभर बर्फात स्कीइंग करायच्या उतारांचीच चर्चा चालू होती. हिरवा उतार शिकाऊंसाठी, निळा थोडं जमणाऱ्यांसाठी, लाल सराईतांसाठी आणि काळा ज्यांना घरी परतायची घाई नाही त्यांच्यासाठी. शेवटचं वाक्य माझं. बाकीची माहिती थोरल्या भावाची.

भाऊ लंडनला असतो. फेब्रुवारीत त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. लग्नाचा रौप्यमहोत्सव आमच्याकडे कसा होतो ते ठरलेलं आहे: हॉल, बँड, पोटं सुटलेल्या नवरा-नवरीने पुन्हा एकदा केक कापणं, आणि एकमेकांशी बोलत नसलेल्या नातेवाइकांना एकाच टेबलावर बसवणं. भावाने हे सगळं रद्द केलं आणि सगळ्यांना फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरात न्यायचं ठरवलं. मला ही सुधारणा वाटली. मग त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

ते गाव म्हणे खास कुटुंबांसाठी होतं. आत गाड्यांना बंदी. लहान मुलांना सरकत्या पट्ट्यावर उभं करून वर नेतात आणि खाली घसरायला शिकवतात. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला पदक मिळतं, सगळा वेळ पडत राहिलेल्यालासुद्धा. टीव्हीवरच्या एकाही माणसाचं नाक लाल झालेलं नव्हतं.

"मला नाही जमलं तर?" बहिणीने विचारलं. ती वसईतच फ्लॅटमध्ये राहते. दोन मुलं घेऊन आली होती. "माझे गुडघे बघितलेस ना, दादा?"

"तुला घसरायला सांगतंय कोण? बाल्कनीत बसून हॉट चॉकलेट पी."

"ते काय मी इथे पण पिते."

"बर्फ दिसतो का इथे?"

"दिसतो की. अर्नाळ्याला, मासळीवर."

मुलं हसली. भाऊ हसला नाही. तो खोल्यांची वाटणी करत होता: बहिणीचं कुटुंब इथे, स्वतःचं तिथे, मुलं बंकबेडवर. पपा कुठेच नव्हते, कारण ते जाऊ शकत नव्हते. मीही नव्हतो. पपांजवळ कोणीतरी हवंच, आणि तोंडावर पडण्यासाठी एवढ्या लांब जाण्याची गरज मला कधी भासलेली नाही.

पपा शेजारच्या खोलीत होते. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. बोलायला वेळ लागतो म्हणून लोक त्यांना बहिरंही समजतात. दार उघडंच होतं.

"आणि मध्येच पपांचं काही झालं तर?" बहिणीने आवाज खाली आणून विचारलं.

"ठेवायचं," भाऊ मान वर न करता म्हणाला. "आठवडाभर आरामात ठेवतात."

ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. निम्म्या गावाची मुलं परदेशात. पूर्वी माणूस सकाळी गेला की संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा होऊन मातीत जायचा. आता आधी विमानांची चौकशी होते आणि फादर शेवटच्या तिकिटाप्रमाणे वेळ देतात. तोपर्यंत देह हॉस्पिटलच्या शवागारात, नाहीतर घरी काचेच्या थंड पेटीत. शेजारच्या म्हातारीला एका नातवाला सुट्टी मिळेपर्यंत ठेवलं होतं. जिवंतपणी नव्हती इतकी नीटनेटकी दिसत होती असं सगळे म्हणाले. नातवाने व्हिडिओही छान घेतला.

भावाचं बोलणं मला निर्दय वाटलं असं मात्र नाही. आई गेली तेव्हा आम्ही ठेवलं नव्हतं. पपांनीच नको म्हटलं होतं. सकाळी गेली, संध्याकाळी पुरली. भाऊ पोहोचला तेव्हा कबरीवरची फुलं सुकलेली होती. त्याने मला विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे?" त्यानंतर तो प्रत्येक गोष्ट आधी आखायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पपांची दाढी करत होतो. गालाला साबण असताना ते म्हणाले, "मला ठेवायचं नाही."

"कोण ठेवतंय?"

"मासळी आहे का मी?"

मी वस्तरा धुतला. म्हटलं, दादाला सांगतो.

दादाला सांगितलं तेव्हा तो वाडीत केळींमध्ये उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने फोन बंद केला. "आईच्या वेळी तू थांबला नाहीस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आता पपांच्या वेळी पण तेच?"

"मी नाही म्हणत. ते म्हणतात."

"ते म्हणतात!" असं म्हणून तो तरातरा आत गेला. मागोमाग मी. बहीण भाजी चिरायची सोडून दारात आली.

पपांनी जन्मभर केळीचे घड विकले आणि व्यापाऱ्याने सांगितलेला पहिला भाव कधी मान्य केला नाही. भावाचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"एक रात्र," ते म्हणाले. "घरात. पेटी नको."

"पपा, त्या डोंगरावरून खाली यायलाच अर्धा दिवस जातो. बर्फ जास्त पडला तर रस्ता बंद. मग विमान, मग दुसरं विमान, मग आपला हायवे. दोन रात्री तरी द्या."

"एक."

"दीड?"

"दीड रात्र कुठे असते रे?"

बहीण हसली, आणि हसतानाच तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. भाऊ खाटेच्या कडेवर बसला होता. पन्नाशी उलटलेला, परदेशात माणसांवर हुकूम चालवणारा माणूस; तो पपांचं ते बोट धरून बसला.

"नका जाऊ का आम्ही?" त्याने विचारलं.

"जा की," पपा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "जवळचं गाव बघ."

म्हणून दुपारी पुन्हा टीव्ही लागला. आता बर्फाच्या खोलीचा, सरकत्या पट्ट्याचा, पदकांचा विषय नव्हता. विमानतळापासून गाव किती लांब, एवढंच भाऊ बघत होता. उंचावरची गावं एकेक करून गळाली. शेवटी जिनिव्हापासून जवळचं, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव उरलं.

"मामा, इथे तर गवत दिसतंय," भाचा म्हणाला.

"मशीनने बर्फ मारतात," भाऊ म्हणाला.

"तो वितळला तर?"

"तर गवतावर खेळा."

वहिनी, जिच्या लग्नाचा हा रौप्यमहोत्सव होता, ती खुर्ची घेऊन आली. तिने चष्मा लावला आणि ती भावाशेजारी बसून विमानांच्या वेळा वाचायला लागली. पहाटेचं धरलं तर पुढचं चुकत होतं. संध्याकाळचं धरलं तर मधल्या विमानतळावर रात्र जात होती. भाऊ एकेक वेळ पुढेमागे करून बघत होता. खिळे सैल झालेल्या दारासारखी ती कुठून तरी निसटतच होती. पपा सकाळी गेले तर तो कदाचित पोहोचणार होता. दुपारी गेले तर नाही. असं काही आधी ठरवून घेता येत नाही, एवढं तिथे बसलेल्या सगळ्यांनाच कळत होतं.

"बसतंय का रे?" आतून पपांनी विचारलं.

भावाने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"बसतंय, पपा," तो म्हणाला.

"मग काढ तिकिटं."

भावाने काढली.