निळ्या गाईची खोट

ऐका हो ऐका! तमाम वाशीमकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आज दिवस मावळायच्या आत वाचनालयाच्या ओसरीवर गाय निळी होणार आहे. ज्यांना हे पसंत नसेल त्यांनी पुढे बसावे!

ही दवंडी खुद्द अजबखान्याचे साहेब द्यायचे. कोट-टोपी घालून, भर आठवडी बाजारात, रॉकेलचा रिकामा डबा बडवत. अजबखाना म्हणजे आमच्या वाचनालयाची मागची खोली. तिच्यात चार भंगलेल्या मूर्ती, एक गंजलेली तलवार आणि साहेब. मी वाचनालयाचा चिटणीस, म्हणजे सतरंज्या अंथरणारा.

तलवार सोडून हा गृहस्थ गाईवर काय बोलणार, असं तुम्ही म्हणाल. पण मुंबईच्या एका चित्रकार मित्राने ती गाय रंगवून दिली आणि तेव्हापासून नव्या चित्रकलेवर व्याख्यानं देण्याचं खूळ साहेबांच्या डोक्यात शिरलं. चित्रावर उपरणं टाकलेलं असे. ते ओढताना जादूगारासारखे थांबून म्हणायचे, "घाई नको. चित्र कुठं पळून जात नाही."

चित्र पळत नसे, माणसं पळत. शिरपूरच्या देवळात अधांतरी मूर्ती पाहून हात जोडणारे आमचे लोक निळी गाय दिसली की गुपचूप वहाणा शोधायचे.

"कुणी शिवीसुद्धा देत नाही हो," साहेब एकदा मला म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी बजावलं. येत्या बाजारी लोक शेवटपर्यंत टिकले नाहीत, तर व्याख्यानं कायमची बंद!

त्या बाजारी साहेब सकाळपासून भाजीच्या ओळीत नुसते फिरले. परतले ते जवळजवळ नाचतच. "अहो चिटणीस, ज्याला वांगं नको असतं तो मुकाट पुढं जातो. ज्याला हवं तोच ते उलटंपालटं करतो आणि खोट काढतो!"

संध्याकाळी उपरणं ओढून ते एवढंच बोलले, "आज मी गप्प बसणार. माल पुढ्यात आहे. काढा खोट."

मग रिठद गावची एक माळीण रिकामी टोपली घेऊन थेट चित्रापाशी गेली.

"गाय निळी कायले केली वो? आन् पाय पाहा, भेंडीवानी!"

"बाजूले सरक ना बाई!" मागून फळवाले बागवान चाचा ओरडले. "पोट पाहा तिचं. गाभन हाये ते!"

"गाभन?" माळीण उसळली. "दिवसभर चरून थकली बिचारी. सांज झाली, घरी जाऊन राह्यली."

"सांज कुठी हाये? पहाट हाये पहाट!"

झालं! अर्धी ओसरी सांजेकडे, अर्धी पहाटेकडे. वहाणा कुणालाच आठवेनात. साहेब कोपऱ्यात डोळे पुसत हसत होते.

वकीलसाहेबांनी मात्र जन्मात स्वतः भाजी घेतली नव्हती. त्यांना वाटलं, दंगल पेटली. ते तरातरा आले आणि चौकटीला हात घालून गरजले, "लोकांनी निकाल दिलाय! उतरवा हे चित्र!"

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाय त्याच भिंतीवर आहे आणि बाजाराच्या दिवशी तिच्यापुढे अजून भांडणं होतात. ती कानावर आली की मला ती माळीण दिसते. टोपली फेकून तिने चौकटीची दुसरी बाजू घट्ट धरली होती आणि भर सभेत ओरडली होती,

"थांबा ना वकीलसाहेब, माह्यं पाहून व्हाचं हाये अजून!"